बांबोळीचं बिल कोणी भरायचं?

आपल्या मंडळाच्या पिकनिकला किंवा दिवाळीच्या जेवणानंतर आम्हा तिशीतल्या लोकांचा घोळका जमला की चार विषय ठरलेले असतात: व्हिसा, घरांच्या किमती, भारतातले आईवडील आणि हेल्थ इन्शुरन्स. पहिले तीन शांतपणे पार पडतात. चौथ्यावर आवाज चढतात. एक जण म्हणतो, "मी दर महिन्याला एवढा प्रीमियम भरतो. ज्याने विमा घेतलाच नाही, त्याचं बिल माझ्या टॅक्समधून का?" दुसरा म्हणतो, "ज्याला परवडत नाही त्याने काय मरायचं?" तिसरा मोबाइलवर आकडे शोधू लागतो. तेवढ्यात कोणाचं तरी मूल घसरगुंडीवरून पडतं आणि चर्चा तिथेच थांबते.

हा वाद मी आधी ऐकला तो इथे ह्यूस्टनमध्ये नव्हे, तर आमच्या घरी, मांद्र्यात. तिथे तो वादासाठी वाद नव्हता. एकाच घरातली दोन माणसं एकाच दुखण्याने आजारी पडली होती आणि दोघांच्या वाट्याला दोन वेगळी सरकारं आली होती. त्यामुळे ती हकिगत जरा सविस्तर सांगतो.

मांद्रे हे उत्तर गोव्यातलं, पेडणे तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव. आपल्यापैकी बरेच जण मोरजी-हरमलला फिरायला जाताना आमच्या गावातून गेले असतील. गावातून उत्तरेला निघालं की थोड्याच वेळात तेरेखोल नदी लागते. किरणपाणीला ती ओलांडली की आरोंदा, म्हणजे महाराष्ट्र, सिंधुदुर्ग जिल्हा. नकाशावर ही राज्याची हद्द आहे, पण आमच्या सोयरिकी कायम तिच्या दोन्ही बाजूंना होत आल्या. पेडणे महालच मुळी १७८८ पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांकडे होता. नंतर तो पोर्तुगीजांकडे गेला. राज्यकर्ते बदलले, पण मुली द्यायच्या-आणायच्या गावांची यादी बदलली नाही. माझी आत्या आरोंद्याला दिलेली. तिच्या यजमानांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो.

आमच्याकडे आणि आरोंद्याला एक वाक्य मात्र सारखंच होतं: "बांबोळीक व्हरूंक जाय." (बांबोळीला न्यायला पाहिजे.) तापावर गावचा डॉक्टर, त्याहून जास्त काही झालं तर म्हापशाचं आझिलो, आणि प्रकरण गंभीर असेल तर बांबोळी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. पोर्तुगीजांनी १८४२ मध्ये पणजीत सुरू केलेल्या वैद्यकीय शाळेचा हा वारसा. पुढे ते बांबोळीच्या पठारावर गेलं. सावंतवाडी, वेंगुर्ला, दोडामार्ग या भागातल्या लोकांनाही मोठं इस्पितळ म्हणून तेच जवळचं. मुंबई लांब, कोल्हापूर घाटापलीकडे.

आता बाबांची गोष्ट. बाबांचा घरासमोर छोटा पोसरो, म्हणजे किराण्याचं दुकान. नोकरी कधी केली नाही, त्यामुळे कंपनीचा विमा नाही, पेन्शन नाही. विमा एजंट घरी आला की बाबा त्याला चहा पाजत आणि एलआयसीची एक पॉलिसी आहे म्हणून परत पाठवत. आजारपणाचा विमा ही वेगळी वस्तू असते, हे त्यांच्या पिढीतल्या कितीतरी लोकांच्या गावीही नव्हतं.

२०१६ मध्ये गोवा सरकारने दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना सुरू केली. तेव्हाचे मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर आमच्याच मांद्रे मतदारसंघातून निवडून आलेले, त्यामुळे गावात या कार्डाची चर्चा जरा जास्तच झाली. योजना साधी होती. गोव्यात किमान पाच वर्षं राहणाऱ्या कुटुंबाने नाममात्र नोंदणी शुल्क भरून कार्ड काढायचं. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा अधिक माणसं असतील तर चार लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार मोफत. सरकारी नोकरांना त्यांच्या वेगळ्या सोयी असल्यामुळे ते यात नाहीत. बाकी उत्पन्नाची अट नाही. म्हणजे गरीब असल्याचा दाखला घेऊन कोणासमोर उभं राहायचं नाही. ही गोष्ट मला त्या योजनेतली सगळ्यांत चांगली वाटते. बाबांसारखा माणूस धड गरीब नसतो आणि धड सुखवस्तूही नसतो. "मी गरीब आहे" असं लिहून द्यायला तो तयार होत नाही आणि दोन लाखांचं बिल त्याला झेपत नाही.

बाबांनी कार्ड काढलं ते आईच्या कटकटीमुळे. २०१७ च्या पावसाळ्यात त्यांच्या छातीत दुखायला लागलं. बांबोळीला अँजिओप्लास्टी झाली. मी इथून पैसे पाठवायच्या तयारीत बँकेचं अ‍ॅप उघडून बसलो होतो. दादाचा फोन आला, "पैशे धाडूं नाका. कार्डार जालां." (पैसे पाठवू नका, कार्डावर झालं.) माझ्या इथल्या विम्याचा डिडक्टिबल किती हे मला पाठ आहे, म्हणून त्या वाक्याचा मला जास्तच अचंबा वाटला.

पुढच्या वर्षी तेच दुखणं अण्णांना झालं. अण्णांची थोडी शेती, काजूची बाग. वय ६६. विमा नाही. घरात केशरी रेशनकार्ड.

दरम्यान एक गोष्ट घडली होती. १ जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने बांबोळीला गोव्याबाहेरच्या रुग्णांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली. त्याआधी दारात आलेला माणूस पेडण्याचा की बांद्याचा, हा प्रश्न पैशांसाठी विचारला जात नव्हता. निर्णयाचे पडसाद सिंधुदुर्गात लगेच उमटले. मार्चमध्ये दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले. उपचार मोफत द्या, नाहीतर आमचा तालुकाच गोव्यात घ्या, इथपर्यंत मागणी गेली. आजारपणासाठी माणसं राज्य बदलायला तयार होतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

अण्णांचं काय झालं ते थोडक्यात सांगतो. एका खाजगी इस्पितळाने पावणेदोन लाखांचा अंदाज दिला. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना होती. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती सुरू झाली, मग राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला हे नाव मिळालं. पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डावर तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मोफत होते. म्हणजे अण्णांना हक्काचं छत्र होतं. पण ते ज्या इस्पितळांत चालत होतं त्यांतलं हृदयाचं काम करणारं इस्पितळ त्यांना सापडलं ते घाट चढून चार तासांवर. आतेभावाने कागद जमवले, गाडी केली आणि सोबत राहणाऱ्यांसाठी लॉजची खोली घेतली. उपचार मोफत झाले. जाण्या-येण्याचा, खोलीचा, बुडालेल्या रोजाचा खर्च घरचा. अण्णा बरे झाले. पण पहिल्या दुखण्यापासून ऑपरेशनच्या टेबलापर्यंत बाबांना तीन दिवस लागले होते आणि अण्णांना अडीच महिने.

त्या वर्षी चवथीला मी घरी होतो. आरोंद्याचा गणपती दीड दिवसाचा, आमचा पाच दिवसांचा, त्यामुळे तिसऱ्या दिवशी आत्याकडची सगळी मंडळी मांद्र्याला. आरती झाली, नेवऱ्यांचं ताट फिरलं आणि कोणीतरी अण्णांच्या तब्येतीची चौकशी केली. तिथून वाद पेटला.

दादाचं म्हणणं मी इथे नीट मांडतो, कारण ते दुष्टपणाचं नव्हतं. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साधारण साडेचौदा लाख. एकट्या सिंधुदुर्गाची साडेआठ लाख. शिवाय कारवारकडून येणारे वेगळे. एवढ्याशा राज्याने सगळ्यांचं मोफत केलं तर जमिनीवर चटई टाकून झोपायची वेळ गोव्याच्या रुग्णावर येते. महाराष्ट्र एवढं मोठं राज्य, त्याने आपल्या जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालय काढायला नको होतं का? तुम्ही फुकट सांभाळत राहिलात तर ते कधीच काढणार नाहीत. "दुसऱ्याच्या सरकारच्या आळसाचे पैशे आमी कित्याक भरप?" हे त्याचं वाक्य.

आतेभाऊ तुयेंच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होता. तो म्हणाला, "रोज सकाळी आमी शेकड्यांनी गोयात येतो. कारखाने चालवतो, बांधकामा करतो, हॉटेलात भांडी घासतो. हयच खरेदी करतो, तेचो कर तुमच्या सरकाराक जाता. काम करताना आमी तुमचे आणि आजारी पडल्यार भायले?"

बाबा म्हणाले, "माझं कार्ड नसतं तर मीही कोणाच्या तरी दारात उभाच राहिलो असतो ना." आणि आत्या, जिला या विषयावर बोलायचा सर्वांत जास्त हक्क होता, ती एवढंच म्हणाली, "ह्या घरात माका जन्म दिल्यानी. लगीन नदीच्या पलीकडे लावन दिल्यानी. मगे माझा इस्पितळ खंयचा?" त्यावर दादालाही उत्तर सुचलं नाही.

मी सॉफ्टवेअरवाला. समोर गुंता आला की तो सुटा करून बघायची सवय. नंतर विचार करताना लक्षात आलं, आमच्या घरात आणि इथल्या आपल्या गप्पांतही तीन वेगळे प्रश्न एकात एक गुंतलेले असतात. सरकारने मदत करावी का, हा पहिला. कोणत्या सरकारने, हा दुसरा. आणि मदत विम्याच्या कार्डाने करावी की इस्पितळ बांधून, हा तिसरा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर भारतात कागदावर तरी केव्हाच दिलेलं आहे. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीने स्वातंत्र्याआधी, १९४६ मध्येच मांडलं. पुढे १९९२ मध्ये बंगालात हकीम शेख नावाचा शेतमजूर रेल्वेतून पडून डोक्याला जबर जखमी झाला. त्याला एकामागून एक सरकारी इस्पितळांत नेलं. कुठे सोय नव्हती, कुठे खाट नव्हती. शेवटी त्याने खाजगी इस्पितळात सुमारे १७,००० रुपये खर्चून उपचार घेतले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की तातडीचे उपचार वेळेवर न देणं हा सरकारकडून झालेला जगण्याच्या हक्काचा भंग आहे. सरकारने त्याला २५,००० रुपये भरपाई द्यावी. पैशांची टंचाई हे कारण न्यायालयाने मान्य केलं नाही.

"पण त्यांनी आधीच विमा का घेतला नाही?" हा आपल्याकडचा लाडका सवाल. त्याचं उत्तर गणितात आहे. समजा, गावात हजार घरं आहेत आणि वर्षाला एका घरावर दोन लाखांचं आजारपण येतं. प्रत्येक घराने २०० रुपये काढले की काम झालं. पण भाग ऐच्छिक ठेवला तर तरुण आणि धडधाकट म्हणतात, आम्हाला काय होतंय? ते बाहेर राहतात. मागे राहतात ते आजारी आणि म्हातारे. वर्गणी वाढते, आणखी काही गळतात. ६६ वर्षांच्या अण्णांनी २०१८ मध्ये पॉलिसी घ्यायची म्हटली असती तर एकतर प्रीमियम आवाक्याबाहेर, वर आधीपासूनच्या आजाराला चार वर्षांपर्यंत थांबा. (ही मर्यादा २०२४ मध्ये तीन वर्षांवर आली.) आपल्याला विमा सहज मिळतो तो आपण दूरदर्शी आहोत म्हणून नव्हे. कंपनी सगळ्यांना एकत्र घेते आणि प्रीमियमचा मोठा वाटा उचलते म्हणून. अण्णांच्या काजूच्या बागेला एचआर डिपार्टमेंट नाही. सगळ्यांना एका वर्गणीत आणू शकेल असं तिथे सरकारच आहे.

दुसरा प्रश्न, कोणत्या सरकारने, हा तेरेखोलपुरता नाही. तो आपण राहतो तिथेही आहे. १९८६ च्या कायद्याप्रमाणे अमेरिकेत इमर्जन्सी रूममध्ये आलेल्या माणसाला पैसे नाहीत म्हणून परत पाठवता येत नाही. त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते. पण तेवढंच. पुढचे उपचार आणि बिल ज्याचं त्याचं. २०१० च्या ओबामाकेअरने मेडिकेड गरीब प्रौढांपर्यंत वाढवायचं ठरवलं, तर २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते राज्यांच्या मर्जीवर सोडलं. लुइझियानाने २०१६ मध्ये ते स्वीकारलं, टेक्सासने आजवर नाही. सबीन नदी हीच तिथली तेरेखोल. नदीच्या पूर्वेला ज्या मजुराला मेडिकेड मिळतं, तोच मजूर पश्चिमेला येऊन राहिला तर, मुलंबाळं किंवा अपंगत्व नसल्यास, कितीही गरीब असला तरी त्याला ते मिळत नाही.

याहून जवळचं उदाहरण हवं? बेन टॉब हे हॅरिस काउंटीचं सार्वजनिक इस्पितळ. ते चालवणारा डिस्ट्रिक्ट मतदारांनी १९६५ मध्ये मंजूर केला आणि आजही त्याला प्रॉपर्टी टॅक्समधून पैसा मिळतो. विमा नसलेल्यांसाठी तिथे सवलतीची योजना आहे, जुने लोक तिला गोल्ड कार्ड म्हणतात. पण त्यासाठी तुम्ही हॅरिस काउंटीचे रहिवासी हवेत. आपल्यातले निम्मे लोक शुगरलँडला, म्हणजे फोर्ट बेंड काउंटीत राहतात. नोकरी हॅरिसमध्ये, घर फोर्ट बेंडमध्ये. आतेभावाचं गाऱ्हाणं आता परकं वाटतं का?

दादाचा मुद्दा मला अर्धा पटतो. खर्च एकट्या गोव्याने का उचलावा, हे खरंच आहे. पण तो हिशेब इस्पितळाच्या दारात, छातीवर हात धरून आलेल्या माणसाशी करायचा नसतो. तो दोन सरकारांनी आपसात, महिन्याअखेरीला, कागदावर करावा. यात काही स्वप्नाळूपणा नाही. आपण एका कंपनीच्या मोबाइलवरून दुसऱ्या कंपनीच्या नंबरला फोन लावतो, तेव्हा दोघींमधला हिशेब आपल्याला दिसतही नाही. सिंधुदुर्गच्या प्रश्नावरही शेवटी तोच मार्ग शोधला गेला: दोन्ही सरकारांची बोलणी झाली आणि महाराष्ट्राची फुले योजना बांबोळीला लागू करायचं ठरलं. रुग्ण जवळच्या इस्पितळात, पैसे त्याच्या राज्याचे.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल मात्र मी सावध झालो आहे. कार्ड मोठी गोष्ट आहे, पण कार्डाला खाट लागते. आमच्याच तालुक्यात तुयेंला १०० खाटांच्या इस्पितळाची इमारत उभी राहिली, पण ते पूर्ण ताकदीने चालू व्हावं म्हणून पेडणेकरांना वर्षानुवर्षं मागणी करत राहावी लागली. ते इस्पितळ जोमात चाललं तर आरोंद्याचाही फायदा होईल. सिंधुदुर्गात आता ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे, म्हणजे दादाने २०१८ मध्ये मागितलेली गोष्ट झाली, आणि ते तो प्रत्येक फोनवर ऐकवतो. शिवाय अशा योजना मुख्यतः भरती झालेल्या रुग्णाचा खर्च उचलतात. बाबा आणि अण्णा दोघांनाही दर महिन्याला रक्त पातळ ठेवण्याच्या, ब्लडप्रेशरच्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या लागतात. सरकारी केंद्रात साठा असला तर ठीक, नाहीतर दुकानातून. ते बिल कोणत्याही भाषणात येत नाही, पण पोसऱ्याच्या कमाईतून सर्वांत नियमितपणे तेच जातं.

आमच्या घरचा वाद मिटलेला नाही. दादा अजूनही म्हणतो, आधी गोंयकार. आतेभाऊ अजूनही तुयेंला कामाला येतो आणि चवथीला मांद्र्याला. फरक एवढाच, की आता दोघे एकमेकांच्या कार्डांच्या मुदती लक्षात ठेवतात.

आपल्यापैकी प्रत्येकाचे आईवडील, काका, आत्या कोणत्या ना कोणत्या योजनेच्या हद्दीत बसतात आणि बऱ्याचदा त्यांना ते माहीत नसतं. म्हणून पुढच्या रविवारी घरी फोन कराल तेव्हा जेवणाखाणाच्या चौकशीबरोबर एवढं विचारा. गोव्यात असतील तर दीनदयाळ कार्डाचं नूतनीकरण झालंय का आणि त्यावर घरातल्या सगळ्यांची नावं आहेत का. महाराष्ट्रात असतील तर रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का. एका काना-मात्रेच्या फरकाने भरतीच्या दिवशी धावपळ होते. कोणी सत्तरीच्या पुढे असेल तर २०२४ च्या अखेरीपासून आयुष्मान भारतमध्ये उत्पन्न न पाहता पाच लाखांचं संरक्षण आहे, त्याचं कार्ड काढलंय का. आणि जवळचं कोणतं इस्पितळ ते कार्ड घेतं, हे आधीच शोधून कागदावर लिहून देवघराच्या किंवा फ्रिजच्या शेजारी लावून ठेवायला सांगा.

अण्णा आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांचं आयुष्मान कार्ड गेल्या महिन्यात आलं. आतेभावाने त्याचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला तर दादाने खाली पहिलाच प्रश्न विचारला, "हें बांबोळीक चलतां?" मी माहिती काढतो आहे.